खालच्या पापणीचं ऑपरेशन झालंय, डावा डोळा खाली ओढल्यासारखा दिसतो. थांबू की दाखवू?

मंजिरी_अकोला

नमस्कार. मी अकोल्याची, वय ५४, शाळेत गणित शिकवते. मेच्या सुरुवातीला नागपूरला दोन्ही डोळ्यांखालच्या पिशव्या काढायचं ऑपरेशन करून घेतलं. आता तिसरा आठवडा चालू आहे. काळजीने झोप लागेना, म्हणून इथे लिहितेय.

या पिशव्या आमच्या घराण्यातल्याच. बाबांना होत्या, दोन्ही आत्यांना होत्या. मला चाळिशीत दिसायला लागल्या. पन्नाशीनंतर तर रोज कोणी ना कोणी विचारायचंच, "मॅडम, बरं नाही का? जागरण झालं का?" रात्रभर शांत झोपून सकाळी ताजीतवानी शाळेत गेले तरी तेच. एकदा पालकसभेत एका मुलाच्या आईने माझा हात धरून "किती दमता हो तुम्ही" म्हटलं. बाई मनाने चांगली होती, पण ते वाक्य मला फार लागलं. थायरॉइड, किडनी, बीपी सगळं तपासून झालं, काही निघालं नाही. काकडीच्या चकत्या आणि महागाची क्रीमंही झाली. मग स्वतःच्या पगारातून, नीट विचार करून हा निर्णय घेतला. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, तेही माहीत होतं. तेव्हा "कशाला केलंत" हे कृपा करून नको. ते घरी रोज ऐकते.

माझी चीर बाहेरून आहे, खालच्या पापणीच्या केसांच्या अगदी लगत. थोडी चरबी काढली, थोडी तिथेच खाली पसरवली, जराशी कातडीही काढली. आठवड्याभरात टाके निघाले. काळंनिळं गालापर्यंत उतरलं, मग हिरवट, मग पिवळं होऊन गेलं. याची कल्पना आधीच दिली होती, त्यामुळे त्याला घाबरले नाही.

उजवा डोळा झकास आहे. गडबड डाव्याची. उजव्या डोळ्यात खालच्या पापणीची कड बुबुळाला टेकलेली दिसते. डाव्यात बुबुळ आणि कड यांच्यात पांढरी फट दिसते. वर बघितलं की ती आणखी वाढते. टाके काढले तेव्हाच्या फोटोत ही फट नाही, म्हणजे नंतर सुरू झालंय. शिवाय बाहेरच्या कोपऱ्यात, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक फुगवटा आलाय. शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक, कडेला किंचित पिवळसर. पापणी मिटताना तो मध्ये येतो आणि चिमटतो. सकाळी उठल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग दिवसभर पाणी. टाक्यांच्या रेघेखाली बाहेरच्या बाजूला बोटाला एक कडक गाठ लागते. दुखत नाही, पण आहे.

फोन केला. रिसेप्शनवरून सांगितलं, "सूज आहे, उतरेल, ठरलेल्या तारखेला या." ती तारीख जूनच्या अखेरीस. नागपूर इथून अडीचशे किलोमीटर, बाहेर पंचेचाळीसचं ऊन. यजमान म्हणतात थांब. शेजारच्या काकू काल बघून म्हणाल्या, "चांगले डोये होते वं माय तुह्ये, काहून केलं?" ते ऐकल्यापासून आरशासमोरून हलवत नाही.

ज्यांनी हे ऑपरेशन केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. हा भरून येण्याचा भाग आहे की काही बिघडतंय? आणि तारखेपर्यंत थांबू का?

शुभदा_कोथरूड

मंजिरीताई, पहिल्यांदा सांगते की मी यातून गेलेय आणि माझा डोळा आज नीट आहे. माझाही डावाच होता.

माझं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं, चीर तुमच्यासारखीच बाहेरून. पहिले पंधरा दिवस सगळं छान, मैत्रिणींना फोटो पाठवून झाले. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पापणी हळूहळू खाली जायला लागली. मला वाटलं टाका सुटला. तसं काही नव्हतं. आत जखम भरताना ती आकसते आणि पापणीला खाली ओढते. हे ओढणं सुरुवातीला नसतं, जखम भरायला लागल्यावर सुरू होतं. म्हणून "आधी चांगलं होतं, आता का बिघडलं" असं वाटून माणूस जास्त घाबरतो.

मला डॉक्टरांनी मालिश शिकवली. बोट पापणीच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर, कडेच्या जरा खाली ठेवायचं, आणि वर व बाहेर, कानाच्या टोकाच्या दिशेने उचलून धरायचं. चोळायचं नाही, खाली तर कधीच ओढायचं नाही. उचलायचं, धरायचं, सोडायचं. रात्री कागदी चिकटपट्टीने पापणीला बाहेरून वर आधार द्यायचा, पट्टीचं दुसरं टोक कानशिलावर. आणि डोळे घट्ट मिटून उघडायचा व्यायाम. हे मी मनाने सुरू केलं नव्हतं, तुम्हीही करू नका. केव्हा सुरू करायचं आणि किती जोर लावायचा, हे ज्यांनी आतला भाग पाहिलाय तेच सांगू शकतात.

माझ्या कडक गाठीत नंतर अगदी थोडं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. गाठ विरघळली. पापणी पूर्ण जागेवर यायला पाच महिने लागले. त्यात एक आठवडा बरा, एक वाईट, असंच चालतं. दुसऱ्या ऑपरेशनची मी घाई केली असती तर ती गरज नसताना झाली असती. पण दाखवायला मात्र मी उशीर केला नाही. तारीख बिरीख विसरा. रिसेप्शनला सांगा की पापणी खाली उतरलीय आणि डोळ्याचा पांढरा भाग फुगलाय. नुसती "सूज आहे" असं म्हणू नका.

काकूंचं मनावर घेऊ नका हे सांगणं सोपं आहे. मी त्या काळात घरातल्या एका आरशावर टॉवेल टाकला होता. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी बघायचं, बाकी नाही. खूप मदत झाली.

निवृत्त_सिस्टर

मी मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात ओटीत होते, आता निवृत्त. डॉक्टर नाही, पण हे डोळे पुष्कळ पाहिलेत. मंजिरीताई, तारखेपर्यंत थांबू नका. घाबरायचं कारण म्हणून नाही, पण या टप्प्यावर बघितलं तर साध्या उपायांनी पुष्कळ काही हातात राहतं.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी तीन वेगवेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच समजून घ्या.

पापणी खाली जाण्याचं शुभदाताईंनी बरोबर सांगितलं. खालच्या पापणीत बाहेर कातडी आणि स्नायू, मध्ये एक पातळ पडदा, आणि आत डोळ्याला लागणारं ओलसर अस्तर असे थर असतात. बाहेरून चीर घेतली की वाट मधल्या पडद्याजवळून जाते, आणि तो थर भरताना आकसला तर पापणी खाली येते. कातडी जरा जास्त निघाली तरी येते. पन्नाशीनंतर पापणीचा ताण मुळातच सैल झालेला असतो, त्याचाही भाग असतो. डॉक्टर पापणी चिमटीत धरून पुढे ओढून सोडतात. ती चटकन जागेवर बसते की डोळे मिचकावल्यावरच बसते, यावरून सैलपणा कळतो. चीर आतल्या अस्तरातून घेतली की हा धोका कमी होतो. ती पद्धतही नवी नाही, फ्रान्सच्या बूर्गे या सर्जननी १९२४ साली मांडलेली आहे. पण जादा कातडी काढायची असेल तर बाहेरून जावं लागतं, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी चूक केली असं यावरून म्हणता येत नाही.

साबुदाण्यासारखा फुगवटा म्हणजे पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली पाणी धरलंय. या ऑपरेशननंतर हे नेहमी बघायला मिळतं. कापल्यामुळे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या काही काळ अडतात. पापणी खाली असली की तो भाग उघडा पडतो, उघडा पडला की सुकतो, सुकला की आणखी फुगतो. त्यामुळे डोळा ओला ठेवणं हा त्याचा अर्धा उपचार. काहींना डॉक्टर स्टेरॉइडचे थेंब देतात, काहींना काही तास दाबाची पट्टी. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तुमचं सकाळचं वाळू गेल्यासारखं होणं. तुम्ही झोपेत डोळा पूर्ण मिटता का? आज रात्री गाढ झोप लागल्यावर यजमानांना मोबाइलचा उजेड बाजूने, थेट डोळ्यावर न पाडता, टाकून बघायला सांगा. फट दिसली तर रात्रभर डोळ्याचा खालचा भाग उघडा पडतोय. मिटणाऱ्या स्नायूला ऑपरेशनचा धक्का बसलेला असतो, तो महिन्या-दोन महिन्यांत सावरतो, पण तोवर बुबुळावरचा काचेसारखा पडदा सुकता कामा नये. आणि ताई, अकोल्याला या दिवसांत कूलर लावून झोपत असणार. कूलरचा झोत तोंडावर येतो का ते बघा. येत असेल तर आजच खाट फिरवा. दिवसा परिरक्षक (टिकण्यासाठी घातलेलं रसायन) नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री झोपताना डोळ्यात घालायचं मलम. काय आणि किती वेळा, हे डॉक्टरांना विचारून.

डोळा कोरडा असूनही पाणी का येतं, असं पुष्कळ जण विचारतात. सुकलेला डोळा चुरचुरतो, म्हणून पाणी सोडतो. शिवाय पापणी डोळ्यापासून सुटली की पाणी नाकाकडच्या छिद्रात न जाता गालावर येतं. ते पदराने पुसू नका. पुसताना आपण नेहमी खालीच ओढतो. स्वच्छ कापसाने किंवा टिश्यूने टिपा, आणि टिपतानाही वरच्या दिशेने.

नागपूरची वेळ मिळेपर्यंत उद्याच तुमच्या गावात नेत्रतज्ज्ञांकडे जा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे तुमच्याकडे, तिथल्या नेत्रविभागात गेलात तरी चालेल. डोळ्याला केशरी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात. पडद्यावर सुकल्याचे डाग असतील तर लगेच कळतात.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी. ऑपरेशननंतर, विशेषतः पहिल्या चोवीस तासांत, एका डोळ्यात एकाएकी तीव्र दुखायला लागलं, डोळा पुढे आल्यासारखा घट्ट लागला किंवा दिसायला कमी झालं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. तो डोळ्यामागे रक्त साचल्याचा प्रकार असू शकतो. क्वचित होतो, पण झाला तर दृष्टी जाऊ शकते. पुढच्या आठवड्यांतही मिचकावून न जाणारी धूसरता, उजेड सहन न होणं, पू, गरम लाल सूज, वाढत जाणारं दुखणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

विदर्भकन्या

ताई, आमच्याकडे डोळ्याला थंडावा म्हणून झोपताना गाईच्या तुपाचा थेंब घालतात. माझ्या आईला खूप फरक पडला होता. डोळ्याखाली एरंडेल चोळलं तर व्रणही मऊ पडतो म्हणतात. करून बघा, नैसर्गिक आहे.

निवृत्त_सिस्टर

विदर्भकन्या, तुम्ही आपुलकीने सांगितलंत हे कळतं, तरीही स्पष्ट नाही म्हणते. ताज्या जखमेच्या आणि नीट न मिटणाऱ्या डोळ्यात घरचं तूप, मध, गुलाबपाणी, काजळ काहीही जाता कामा नये. ते निर्जंतुक नसतं. पडद्याला जंतुसंसर्ग झाला तर पापणीचा प्रश्न बाजूला राहील आणि नजरेचा उभा राहील. एरंडेल चोळण्यात तेलापेक्षा चोळण्याने नुकसान होतं. आईचा डोळा तेव्हा साबूत होता, हा डोळा सध्या तसा नाही.

प्रभाकर_डोंबिवली

मी पुरुष, वय ६३. माझं आतल्या बाजूने झालं, बाहेर टाका नाही. तरी सूज पुरती जायला तीन महिने गेले. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपायचो, वाकून बुटाचे बंद बांधणं काही दिवस मुलाने केलं. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून इसबगोल, कारण कुंथल्याने डोळ्यावर दाब येतो. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. माझी अँजिओप्लास्टी झालेली, ऍस्पिरिन चालू. ती थांबवायची का, हे मी हृदयाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलायला लावून ठरवलं. स्वतःहून गोळी बंद करू नका, लपवूही नका. व्हिटॅमिन ई आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा सांगा, त्यानेही रक्त वाहायचा धोका वाढू शकतो.

दुसरं, फोटो. मंजिरीताई, रोज वेगळ्या उजेडात फोटो काढलात तर डोळा रोज वेगळाच दिसेल. एकच खिडकी, एकच वेळ, मोबाइल डोळ्यांच्या पातळीला, नजर समोर. आठवड्यातून एकदा. डॉक्टरांना हे फोटो बोलण्यापेक्षा उपयोगी पडतात. ऑपरेशनच्या आधीचा फोटोही काढून बघा. दोन्ही डोळे आधीही अगदी सारखे नव्हते, हे मला त्यातच दिसलं.

मंजिरी_अकोला

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचून त्याच रात्री यजमान बसून राहिले. डावा डोळा झोपेत थोडासा उघडा राहतो. आणि कूलर अगदी तोंडासमोर होता. खाट फिरवली. दुसऱ्या दिवशी इथल्या नेत्रविभागात गेले. बुबुळाच्या खालच्या भागावर सुकल्याचे बारीक ठिपके सापडले. जखम नाही, पण झाली असती, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. थेंब आणि रात्रीचं मलम दिलं. त्यांनी लिहून दिलेला कागद व्हॉट्सॲपने नागपूरला पाठवला, तर त्याच आठवड्यात वेळ मिळाली.

डॉक्टरांनी या वेळी निवांत बघितलं. पापणी ओढून सोडली, ती जरा आळसावूनच परत गेली. डोळा मिटायला लावून फट मोजली. आतून आकसतंय, पण व्रण अजून कोवळा आहे म्हणाले. मालिश त्यांनी माझाच हात धरून करून दाखवली, शुभदाताई, अगदी तुम्ही लिहिलंय तशीच. रात्री चिकटपट्टी. फुगवट्यासाठी स्टेरॉइडचे थेंब थोडेच दिवस, मग बंद. ते मनाने वाढवायचे नाहीत, डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून तो पुन्हा मोजून आणला. मी थेट विचारलं, पुन्हा ऑपरेशन लागेल का? म्हणाले, सहा महिने तरी तो विषयही काढणार नाही. लागलंच तर बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीला आधार देणारा टाका घालता येतो. मी हेही सांगितलं की फोनवर मला कोणी नीट ऐकून घेतलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि फोटो पाठवायला वेगळा नंबर दिला.

आज, जूनचा मधला आठवडा. फुगवटा गेलाय, एका बाजूला अगदी जरासा राहिलाय. सकाळची वाळू थांबली. झोपेत डोळा मिटतो, यजमानांनी दोनदा बघून खात्री केली. पांढरी फट अजून आहे, पण फोटो शेजारी ठेवले की कमी झालेली दिसते. गाठ तशीच, थोडी मऊ. पापणीखालची कातडी अजून बधिर आहे, पावडर लावताना कळतं. काकूंना मी शांतपणे सांगितलं की उपचार चालू आहेत, आणि मला रोज विचारू नका. त्या दुखावल्या, पण काल लोणच्याची बरणी घेऊन आल्या. बोलण्यात डोळ्यांचा विषय नाही.

एक शेवटचं विचारते. विदर्भातल्या शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे माझ्याकडे फार दिवस नाहीत. फळा खडूचाच आहे. दिवसभर खडूची भुकटी, रात्री वह्यांचे गठ्ठे. डोळ्याला चालेल का?

निवृत्त_सिस्टर

वाचून फार बरं वाटलं. ठिपके वेळेत सापडले.

शाळेला जा. चष्मा असेल तर तो, नसेल तर बिननंबरचा मोठ्या काचांचा घ्या, भुकटी थेट येत नाही. फळा ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या डस्टरने नको, आणि पुसायचं काम शक्यतो मुलांना. खडूचा हात डोळ्याला लागू देऊ नका, म्हणजे पाणी आलं तर टिपायला पर्समध्ये वेगळे टिश्यू. थेंबांची बाटली स्टाफरूममध्ये ठेवा आणि दर मधल्या सुट्टीत घाला. त्रास वाटण्याची वाट बघू नका.

वह्या तपासताना आपण डोळे मिचकावायचं विसरतो. एक पान झालं की डोळे पूर्ण मिटून उघडायचे, घाई न करता. पहिले काही दिवस गठ्ठा अर्धाच घरी आणा, आणि पंखा डोक्यावर असला तरी टेबलफॅन समोर नको. काजळ आणि आयलायनरचं डॉक्टरांना विचाराल तोवर थांबा. उन्हात जाताना गॉगल आणि टोपी, नाहीतर रेघ काळी पडते. सनस्क्रीन रेघेवर केव्हापासून लावायचं, हेही पुढच्या भेटीत विचारून घ्या. आणि पुढच्या तारखेला जाताना प्रभाकररावांनी सांगितले तसे फोटो सोबत न्या, टाके काढले तेव्हाचा धरून.

मंजिरी_अकोला

टेबलफॅन समोरच असतो माझा! आजच हलवते. चष्म्याचं उद्या बघते. जूनच्या अखेरीस नागपूरला जाऊन आले की इथेच लिहीन, गाठीचं काय ठरलं तेही.